त्यात नाव कुठाय?

आमच्या ऑफिसात किस्से एमआयडीसीतल्या धुळीसारखे साचतात. सकाळी पुसा, संध्याकाळी पुन्हा थर! ऐकणारे हसतात, माझं मात्र डोकं फिरतं.

चिंचवडला आमचं छोटं संशोधन केंद्र आहे. आम्ही कारखान्यांतल्या कामगारांच्या घरी जाऊन त्यांच्या तब्येतीची माहिती घेतो. नावं काढून टाकून ती माहिती आमच्याच सर्व्हरवर राहते. संशोधकांनी घरून लॉगिन करायचं, स्क्रीनवर बघायचं, बाहेर काही न्यायचं नाही. एखादा तक्ता हवाच असेल तर आधी तो मी तपासते. एवढा साधा नियम!

*

मारुंजीत भाड्याने राहणाऱ्या एका पीएचडीवाल्याला कामासाठी फोन केला. मागून आवाज आला, "अरे, हा दमेकरी आपल्याच प्लांटचा वाटतो!"

"कोण आहे तिथे?"

"रूम पार्टनर, मॅडम. घरचेच आहेत!"

त्याचं लॉगिन मी तिथल्या तिथे बंद केलं.

*

एका प्रोफेसरांनी मोबाईलने स्क्रीनचे फोटो काढून ग्रुपवर टाकले. जाब विचारला तर मलाच शिकवतात, "कॉपी कुठे केलीय? फोटो काढलाय!"

आता कपाळ बडवायचं तरी कोणाचं? यांचंही लॉगिन मी बंद केलं. आमच्या डायरेक्टरांनी दुसऱ्या दिवशी ते चालू करून दिलं. का, तर मोठा माणूस!

*

चिखलीच्या एका वर्कशॉपवाल्यांचा फोन. "माझ्याकडे दमा कोणाला आहे तेवढं सांगा, मॅडम. मी स्वतः औषधपाणी करतो."

"मग सगळ्यांचीच तपासणी करा की!"

"सगळ्यांची कशाला?"

फोन मीच आपटला.

*

स्क्रीन पाच मिनिटांत लॉक होते म्हणून डायरेक्टर वैतागले होते. जेवायला जाताना त्यांनी सफाईच्या मावशींना आपल्या खुर्चीत बसवलं आणि माऊस हलवत राहायला सांगितलं. मी दारातून बघतेय!

मावशी घाबरून म्हणाल्या, "मी वाचत न्हाई वो, नुसतं हलवते."

त्यांच्यावर काय ओरडणार? ज्यांच्यावर ओरडायचं ते डबा खात होते.

*

शालनताई महाळुंग्याच्या. कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायच्या, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! "उजव्या कानानं ऐकू येत न्हाई," असं त्यांनी पहिल्या फेरीत मला हळूच सांगितलं. "पर कंपनीत कळलं तर गाडी काढून घेत्यात."

"तुमचं नाव कुठेही जाणार नाही," मी म्हटलं.

फोटोवाल्या प्रोफेसरांनी एक तक्ता मागितला. महाळुंगे, फोर्कलिफ्ट, महिला, कमी ऐकू येतं: एक. मी अडवला. तिथे फोर्कलिफ्ट चालवणारी बाई एकच, हे अख्ख्या गावाला माहीत!

"त्यात नाव कुठाय?" ते माझ्यावरच उखडले.

मग या महाशयांनी काय करावं? कंपनीच्या एचआरबरोबर व्हिडिओ मीटिंग होती. तिथे लॉगिन करून सरळ स्क्रीनच शेअर केली!

आठवड्याच्या आत ताईंना गाडीवरून उतरवून पॅकिंगला बसवलं.

दुसऱ्या फेरीला मी त्यांच्या घरी गेले. माफी मागितली. त्यांनी चहा ठेवला. शेवटी मी फॉर्म उघडला आणि विचारलं, "ऐकायला कसं येतं?"

ताईंनी मान वळवून डावा कान माझ्याकडे केला.

"काय म्हनलात?"

मी पुन्हा विचारलं.

"झ्याक येतंय," त्या म्हणाल्या. "दोन्ही कानांनी. लिवा."