चूळ भरून बोलणारे गोविंदपंत

अमरावतीच्या कापूस बाजारात मला एका गोऱ्या साहेबाने फसवले, आणि शिक्षा भोगली त्याच्याच दुभाष्याने. साहेबाचे नाव घेऊन मी तोंड विटाळणार नाही. दुभाष्याचे नाव गोविंदपंत.

पंतांची एक खोड सगळ्या बाजाराला ठाऊक होती. साहेबाचे बोलणे आम्हाला किंवा आमचे साहेबाला सांगण्याआधी ते तांब्यातल्या पाण्याने चूळ भरत. साहेब खोळंबून राही, गाडीवाले हसत. पहिल्या भेटीत मीही म्हणालो, "पंत, तुमी बोलून राहिले का जेवून राहिले?"

ते शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याचा शब्द तोंडात घ्याचा आहे बाप्पा. आपलं खरकटं त्याले लागू नये."

अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि साहेब लोक आमच्या वऱ्हाडात धावत आले, तेव्हाची ही गोष्ट. मी हिवरखेडचा. बापाने मला काही ठेवले नव्हते. घासाघीस करत, भांडत, मी गावोगावचा कापूस बाजारात आणू लागलो होतो. आमचा सौदा रुमालाखाली होई. दोघांचे हात रुमालाखाली जात, बोटे दाबून भाव सांगायचा, आणि पंजा आवळला की सौदा पक्का. भोवतालच्यांना बोटे दिसत नसत, पण आवळलेला पंजा रुमालावरूनही कळे. साहेबाला या रीतीचे भारी कौतुक. त्याला बोटे पंतांनीच शिकवली होती.

त्या मोसमात साहेबाने माझा पंजा आवळला. त्या भरवशावर मी वलगाव आणि हिवरखेडच्या शेतकऱ्यांना हात देऊन भाव कबूल केला. गाड्या वखारीसमोर येऊन उभ्या राहिल्या, आणि तेवढ्यात लढाई थांबल्याची बातमी आली. भाव कोसळला. साहेब दारात आला, हसून काहीतरी बोलला आणि आत गेला. पंतांनी तांब्याला हात लावला नाही.

"काय म्हणला तो?" मी ओरडलो.

"बॅक आऊट करून राहिला तो. संध्याकाळी घरी ये, सांगतो."

संध्याकाळी ओसरीवर मला बसवून पंत उभे राहिले. माझ्याकडे पाहत, गालात हसत, ते एकेक पाऊल मागे टाकत थेट दाराबाहेर गेले. बाहेरूनच म्हणाले, "पाह्यलं? पळणारा पाठ दाखवते. हा तोंड तुयाकडंच ठेवते आन् मागच्या पावली निघून जाते. याले बॅक आऊट म्हणतेत. सरकारी कागदातला शब्द नाही हा. गोरे आपसात बोलताना वापरतेत."

मी घासाघीस केल्याशिवाय काही घेत नाही. शब्दही घेतला नाही. "सोयरीक जमवून नवरदेवाचा बाप फिरला, त्याले म्हणता येते?"

"बेशक."

"मी आधीच नाही म्हणलो त?"

"त्याले नाही म्हणणं म्हणतेत. आधी आत आला पाह्यजे, मंग बाहीर."

"आन् आमची म्हैस नाल्यात उतरता उतरता मागं सरते, ते?"

पंत खदखदून हसले. "तिनं तुले जबान दिली होती काय बे? म्हशीले कावून बदनाम करतं!" मग एकदम गंभीर झाले. "सखाराम, तुयं डोकं लवकर तापते. हा शब्द रागानं कोणावरही फेकू नको. पण ज्यानं खरंच हात दिला होता, त्याले सोडू बी नको."

तिथून मी बाजारातल्या अडत्यांना गाठले. पंजा आवळला तेव्हा ते रुमालाभोवतीच उभे होते. "तू बोल सखाराम," ते म्हणाले, "आमी सांगू सौदा पक्का झाला होता म्हणून."

दुसऱ्या दिवशी भरल्या बाजारात, इतर गोऱ्या व्यापाऱ्यांसमोर, मी साहेबाला आडवा झालो. "साहेब, यू बॅक्ड आऊट!"

एक गोरा फिसकन हसला. साहेबाचा चेहरा लाल झाला. त्याने पंतांना हुकूम दिला. पंतांनी चूळ भरली, पाणी थुंकले, आणि लोकांकडे वळून म्हणाले, "साहेब म्हणतेत, बोटं समजण्यात चूक झाली, सौदा झालाच नाही, असं मी तुमाले माया तोंडानं सांगावं. इतकं त्याचं बोलणं. आता मायं ऐका. बोटं त्याले मीच शिकवली. त्याले बरोबर येतेत."

मी अडत्यांकडे पाहिले. कोणी पागोटे सारखे करत होता, कोणी बैलाच्या शिंगांकडे पाहत होता. एकानेही तोंड उघडले नाही. साहेबाने पंतांना तिथेच कामावरून काढले. पंतांनी तांब्या उचलला आणि ते चालू लागले, पाठ आमच्याकडे करून, सरळ.

शेतकऱ्यांचा कापूस मी ठरल्या भावाने उचलला. घर गेले, बैलजोड्या गेल्या. हात मागे घेतला नाही. पुन्हा उभा राहिलो.

पंत अकोल्याला गेले, पोरांना इंग्रजी शिकवत राहिले. दुसरी वखार त्यांना मिळाली नाही. खोटे बोलत नाही असा दुभाषी कोण ठेवणार? शेवटच्या भेटीत अंथरुणावरून त्यांनी हाताच्या खुणेने तांब्या मागितला. मी पाणी पाजू लागलो, तर त्यांनी चूळ भरली आणि विचारले, "तो शब्द पुन्हा कोणावर टाकला काय रे?"

"नाही पंत."

"अडत्यांवर बी नाही?"

मी तांब्या खाली ठेवला. पंत गेले, आणि तो प्रश्न माझ्याकडे राहिला.

तर अडतेहो, साहेब जहाजात बसून गेला. त्याला मी कुठे शोधू? तुम्ही अजून त्याच बाजारात, त्याच गाद्यांवर बसता. भरपाई मला नको. बोलू असे तुम्ही मला सांगितले होते. मग एक माणूस तुमच्या देखत खरे बोलून एकटा निघून गेला, तेव्हा तुम्ही मागच्या पावली का सरकलात? येत्या बाजारी मी त्याच वखारीच्या दारात उभा आहे. पाण्याचा तांब्या ठेवला आहे. चूळ भरा आणि जबाब द्या.