सुधारलेल्या गल्लीतलं बाक

आमच्या गल्लीत आता 'सुधारणा क्षेत्र' अशी पाटी आहे. 'सुधारणा' हा शब्द मला शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून आवडत आलेला. नवे दिवे, फरशा, बाकं आली. खर्च इथल्या घरांच्या वाढलेल्या किमतींवरच्या जादा करातून निघतो. घरमालकांनी तो कर भाड्यात घातला. मला नोकरीमुळे झेपला. ज्यांच्या डब्यावर मी पदवीधर झालो, त्या मालनमावशींना झेपला नाही; त्या शहराबाहेर राहायला गेल्या.

काल मावशी जुन्या शेजारणींना भेटायला आल्या, तर शेजारणीही खोल्या सोडून गेलेल्या. मी म्हणालो, "मावशी, बसा जरा." त्यांनी बाकावरून हात फिरवला.

"इथं बसलं तर कोण काही म्हणणार नाही ना?"

"तुमचीच गल्ली आहे."

"होती रे," म्हणत त्या कडेला टेकल्या.

मीही शेजारी बसलो. तरी बाक बरंच रिकामं राहिलं.