बारवेवरचे रडणे

श्रीगजाननाला, वाणीची अधिष्ठात्री जी शारदा तिला, आणि आमच्या मुलखाचा पाठीराखा जो परळीचा वैद्यनाथ त्याला साष्टांग नमन करून लिहावयास बसलो आहे. निमित्त असे की, गावाच्या इतिहासाचे आणि भुताखेतांच्या कथांचे जे पॉडकास्ट मी चालवतो, त्यातील बारवेच्या हडळीचा भाग काढून त्या जागी दुसरा का ठेवला, असे श्रोते वारंवार विचारतात. दोन वाक्यांत उत्तर देण्याजोगी ही गोष्ट नाही. म्हणून क्रमाने सांगतो.

आमचे गाव शिरूर कासार तालुक्यात. दसरा झाला की ट्रॅक्टर येतात आणि गोधड्या, कोयते, पिठाचे डबे, शेळ्या असे सगळे घेऊन घरेच्या घरे ऊसतोडीला निघून जातात. मी देवळात पुराण सांगतो. माझे तीर्थरूपही तेच करीत. चातुर्मासात सभामंडपात पाय ठेवायला जागा नसते, आणि दिवाळीनंतर समोर पाच-सहा वृद्ध उरतात, त्यांतले दोघे ऐकू न येणारे. माझी भाची अंबाजोगाईला शिक्षिका आहे. फोनवर बोललेले लांबच्या माणसाला हवे तेव्हा ऐकता येते, हे तिने एका सुट्टीत मला शिकवले. पोथीच्या व्यासपीठावर फोन उभा करायचा, देवळाच्या कोठीत सतरंज्या टांगायच्या म्हणजे आवाज घुमत नाही, आणि सकाळची पूजा आटोपली की बोलायला बसायचे.

आमच्या सौभाग्यवतींचे मत निराळे होते. "अहो, इतकी वर्षे ऐकणारे झोपले तर दिसायचे तरी. आता कसे कळणार?"

पहिले काही भाग मी भक्तांच्या आख्यानांचे केले. टोळीच्या मुकादमाकडून निरोप आला, "महाराज, परल्हादाचं लई ग्वाड हाय, पन दुपारच्याला झोप येती. आपल्या गावच्या भुतांचं सांगा की!" मला ते रुचले नाही. ज्या जिभेने नामस्मरण करायचे तिने पिशाच्चे का सांगावीत? मग लक्षात आले की गावातले प्रत्येक भूत कोणत्या तरी जागेला धरून आहे. वेशीवरचा खवीस सांगायचा तर वेस कोणी बांधली हे सांगावे लागते; पडक्या गढीतला आवाज सांगायचा तर निजामाच्या अमलातला वसुलीचा काळ सांगावा लागतो. असे करत दहा-बारा भाग झाले. पाचटाच्या कोपीत, फडात, ट्रॅक्टरवर माणसे ऐकू लागली. मला त्याचा आनंद वाटला, आणि थोडा अभिमानही. तो अभिमान इथे लपवत नाही.

मार्गशीर्षात मी बारवेच्या हडळीची कथा सांगितली. बारव गावाबाहेर ओढ्यापलीकडे आहे. कथा अशी की, बहात्तरच्या दुष्काळात एक बाळंतीण दहा दिवसांचे सुवेर फिटण्याआधीच बारवेत मेली आणि तिची हडळ झाली. भर दुपारी ती लेकराच्या रडण्याने वाटसरूला पायऱ्यांकडे बोलावते. त्या वर्षी मी दूरच्या पाठशाळेत शिकत होतो, त्यामुळे प्रत्यक्ष काही पाहिले नव्हते. परंतु माझ्या तीर्थरूपांनी ते रडणे स्वतः ऐकले होते. शेजारच्या गावी पूजा सांगून ते दुपारी परतत होते. बारवेवरून लेकराचे रडणे कानी आले, तेव्हा त्यांनी स्तोत्र म्हणत वाट बदलली आणि सुखरूप घरी आले. हा प्रसंग ते नेहमी त्याच शब्दांत सांगत. विश्वासू माणसाचे वचन हे प्रमाण असते, असे आम्ही शास्त्रात शिकलो. वडिलांहून विश्वासू कोण? मी तो प्रसंग जसाच्या तसा सांगितला आणि शेवटी म्हणालो, "हे ऐकीव नव्हे, माझ्या तीर्थरूपांनी आपल्या कानांनी ऐकलेले आहे."

चार दिवसांनी मुकादमाच्या फोनवरून एका बाईचा आवाज आला. निरोप एवढाच होता : "महाराज, त्या गोष्टीतलं लेकरू मी हाय. तुमी येता का मी येऊ?"

तिला काम सोडून येणे शक्य नव्हते. मी एसटीने माजलगावला गेलो आणि तिथून ट्रॅक्टरवर बसून उसाच्या फडावर पोहोचलो. दुपारची वेळ होती. बायका बांधावर भाकरी खात होत्या. ती उठून आली. पन्नाशी ओलांडलेली, लुगड्यावर नवऱ्याचा सदरा, डोक्याला फडके. आमच्याच गावच्या पलीकडच्या आळीतली, पण मी तिला ओळखले नाही. शेजारची एक जण हसून म्हणाली, "हडळीची लेक हाय महाराज, म्हनून तर हिचा कोयता थांबत न्हाई."

"तू गप गं. तुजी मोळी सुटली बग तिकडं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. हे नाव तिने जन्मभर ऐकलेले होते. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बसा. च्या कोरा हाय, चालंल का?"

मी बसलो.

"तुमच्या गोष्टीत लेकरू रडतं न्हाई का भर दुपारी? ते भूत न्हाई. ते रडनं माजं हाय. मला दहा दिस बी झालं नव्हतं."

पुढचे तिला तिच्या आत्याने सांगितलेले होते. आत्या तेव्हा आठ वर्षांची. घरात पाण्याचा थेंब नव्हता आणि बाप सगळ्या गावाबरोबर खडी फोडायच्या कामावर गेलेला.

"मला आत्याजवळ देऊन आई बारवंत उतरली. तळाची पायरी निसटली. पाय मोडला अन् गाळात कमरेपोत्तर रुतली. आत्याला वरडून म्हनली, लेकराला सावलीला ठेव अन् त्यांला बोलवून आन. आत्या पळाली. जायाला दोन कोस, यायला दोन कोस. मी वर एकलीच रडत व्हते. मानसं आली तवा आई गेलती."

माझ्या हातातला चहा तसाच होता.

"तुमी सांगितलं, थोरल्या महाराजांनी रडनं ऐकलं. खरंच ऐकलं का?"

"ऐकले. मला त्यांनीच सांगितले."

"मंग तवा आई जित्ती आसंल."

पन्नास वर्षे जे वचन मी प्रमाण मानले होते, ते खोटे नव्हते. तीर्थरूपांनी ऐकले ते खरेच ऐकले होते. कोणाचे रडणे, हे मात्र त्यांनी पाहिले नाही, आणि मीही कधी विचारले नाही. पलीकडच्या आळीत जाऊन एकदा विचारले असते तर पुरे होते.

मी क्षमा मागू लागलो तेव्हा तिने मला अडवले. "माफी काय करायची? माजा बाप ऐंशीला टेकलाय. त्यो हाय तवर आईची नवमी करता येती. त्यो गेला का तेबी गेलं."

वाचकांपैकी कोणाला ठाऊक नसेल तर सांगतो. नवरा जिवंत असताना जी स्त्री जाते, तिच्यासाठी भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, घरात पान वाढतात आणि एका सवाष्णीला जेवू घालून तिची ओटी भरतात. नवरा गेला की ही नवमी थांबते, असा आमच्याकडे आचार आहे.

"आजपर्यंत का केली नाहीत?" मी विचारले.

"तुमीच तर न्हाई म्हनला! वीस वरसं झाली. तुमच्या दारात आलते मी. तुमी म्हनलात, तसल्या बाईची नवमी नसती, अमुशाला येशीवर निवद टाका. टाकते की आजून. कुत्रं खातं."

मला ते आठवत नव्हते. वीस वर्षे जी गोष्ट तिच्या मनात जशीच्या तशी राहिली, तिची माझ्याकडे खूणदेखील नव्हती. तिथे बसल्या बसल्या मी मनाशी ठरवले की पुढच्या भाद्रपदात ही नवमी होईल, आणि जी कथा मी चार मुलखांत पोहोचवली ती त्याच मार्गाने मागे घेईन.

"मी सगळे नीट सांगतो," मी म्हणालो.

"तुमी नका. तुमी पोथीवानी सांगता. मीच सांगते," ती म्हणाली आणि फोनकडे बोट केले, "हितं बोलायचं का?"

ती पाव तास बोलली. मागे कोयत्यांचा आवाज होता, मध्येच कोणी तरी बैलाला हाक मारली. त्यातले मी काहीही काढले नाही.

गावी परतल्यावर देवस्थानच्या एका वृद्ध विश्वस्तांना मी हे नवा भाग लावण्याआधीच सांगितले. ते माझ्याहून वडील आहेत आणि तीर्थरूपांचे निस्सीम भक्त. ते कळवळून म्हणाले, "महाराज, कावून वडलांचं नाव खराब करताव? त्यांला तरी काय ठाव व्हतं? हडळीचा भाग काढून टाका, झालं."

"काढला तर गोष्ट लोकांच्या तोंडी राहीलच. मी पसरवली आहे, मीच पुसली पाहिजे."

"मंग बाईचं तेवढं सांगा. थोरल्या महाराजांचं कशापाई? ते देवमानूस व्हते बे!" रागाच्या भरात त्यांच्या तोंडून 'बे' निघून गेले आणि त्यांनी लगेच कान धरले.

"देवमाणूसच होते," मी म्हणालो. "म्हणून तर लोकांनी विश्वास ठेवला. त्यांना वगळून सांगितले तर रडणे भुताचेच राहील."

ते उठून गेले आणि पुढे कितीतरी दिवस पुराणाला आले नाहीत. तीर्थरूपांना मागाहून काही उमगले होते का, हे मला ठाऊक नाही. त्यांच्या बाजूने काही बोलावे असे अनेकदा ओठांवर आले. पण जे ठाऊक नाही ते सांगण्याची चूक मी एकदा केली होती. पुन्हा करणार नव्हतो.

नव्या भागात प्रथमच मंगलाचरण न करता मी तिचा आवाज आधी ठेवला. ती बोलून झाल्यावर मी तीनच गोष्टी बोललो. ज्या रडण्याला मी हडळीची हाक म्हटले ते एका जिवंत लेकराचे होते. ते ऐकून वाट बदलणारे माझे वडील होते. आणि त्या माउलीची नवमी नाकारणारा मी होतो. जुना भाग काढून त्याच जागी हा ठेवला. काहींनी फोन करून सुनावले. एका टोळीकडून निरोप आला की आम्ही सगळ्यांनी काम थांबवून ऐकले. मी दोघांनाही नमस्कार कळवला.

फाल्गुनात माणसे परतली. भाद्रपद आला. नवमीच्या दोन दिवस आधी ती बाई आमच्या अंगणात उभी राहिली. सगळी तयारी झाली होती, अडचण एकच होती. "सवाष्ण मिळंना. पाच घरं फिरले. हडळीच्या नावानं जेवायला कोन बसतंय? भेत्यात बाया."

मी पंचांग मिटून विचार करू लागलो. सौभाग्यवती ओसरीवर वाती वळत होत्या. सोवळ्या-ओवळ्याचे त्यांचे नियम माझ्याहून कडक. माझ्याच आचमनात त्यांनी अनेकदा खोड काढलेली आहे. त्यांनी वात खाली ठेवली आणि विचारले, "किती वाजता यायचं गं?"

"तुमी?" बाईने पदर तोंडाला लावला.

"का? मी सवाष्ण दिसत नाही का? हे बसलेत की समोर धडधाकट."

नवमीला आम्ही दोघे पलीकडच्या आळीत गेलो. दोन खणांचे घर सारवून स्वच्छ केले होते. मुलगा नसल्याने विधी पतीने करावा असे मी सांगितले, आणि त्या वृद्धाला पाटावर बसवले. दर्भ त्याच्या बोटांतून दोनदा निसटला. लेक पुरण वाटत होती, तिला तो चढ्या आवाजात म्हणाला, "गूळ वाईच जास्ती घाल. तिला लई लागायचा."

संकल्प सांगताना माझे मलाच अवघडल्यासारखे झाले. मृत व्यक्तीचे नाव घ्यावे लागते, आणि जिची कथा मी इतक्या लोकांना सांगितली तिचे नाव मला माहीत नव्हते. मी विचारले. वृद्ध इतक्या हळू बोलला की मला पुन्हा विचारावे लागले. दुसऱ्यांदा त्याने स्पष्ट सांगितले, आणि मी ते गोत्रासह मोठ्याने उच्चारले. लेकीने पान वाढले. वेशीवर नाही, घरात, चुलीच्या उजव्या हाताला. समोर दुसऱ्या पानावर आमच्या सौभाग्यवती बसल्या. त्या सावकाश, पानातले काहीही न टाकता जेवल्या आणि पुरण पुन्हा मागून घेतले. मग लेकीने त्यांची ओटी भरली आणि पायांवर डोके ठेवले, ते बराच वेळ उचलले नाही. दारात आळीतल्या तीन-चार बाया येऊन उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने आत येऊन पाण्याचा तांब्या पुढे केला.

वाचकहो, तुमच्या घरातील गेलेल्या प्रत्येकाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारणारे कोणी तरी असो. ज्यांचे पान वाढायचे राहून गेले असेल त्यांचे ते वेळेत वाढले जावो. तुमच्या अंगणात लेकरू रडले तर ते ऐकून धावत येणारी माणसे तुमच्या वाटेवर असोत, आणि दुसऱ्याच्या अंगणात रडले तर धावण्याची बुद्धी वैद्यनाथ तुम्हा-आम्हांस देवो. तुमच्या घरादाराचे, गुराढोरांचे, पाण्यापावसाचे कल्याण असो.