काकांचा मध्यंतरानंतरचा पिक्चर

माझ्या मावशीच्या यजमानांइतके पिक्चर अख्ख्या नाशिकात कुणी पाहिले नसतील, आणि त्यांच्याइतके अर्धे पिक्चर तर उभ्या पृथ्वीवर कुणी पाहिले नसतील.

नव्वद साल उलटल्यावर मी निफाडहून कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आलो. काका सातपूरला कंपनीत फिटर. पहिल्याच सुट्टीला मला तीनच्या खेळाला घेऊन गेले. खलनायकाने नायकाच्या बापाला आणि बहिणीला गोदामात कोंडलं, रॉकेल ओतलं, आणि मध्यंतर झालं. काकांनी मला समोसा घेऊन दिला, खिशातून स्कूटरची किल्ली काढली आणि म्हणाले, "चल, झाला पिक्चर." मी समोशासकट गार. तिकडे माणसं जळायच्या बेतात, आणि हे घरी निघाले! वाटेत विचारलं, तर म्हणे मध्यंतरापर्यंत माणसं कळतात, पुढचं आपलं आपल्याला सुचायला नको का?

खरं कारण घरी होतं. मावशीच्या पायांतलं बळ केव्हाच गेलेलं, ती पलंगावरच असायची. शेजारच्या वहिनी तिच्याजवळ बसत, पण पाचला नळाला पाणी आलं की त्यांना जावंच लागे. म्हणून काका पाचच्या आत घरात. चहा टाकायचा, पलंगापाशी बसायचं आणि मावशीला पिक्चर सांगायचा. अर्धा नाही हं, पुरता! त्या दिवशी मी ऐकत होतो. गोदामातलं रॉकेल भेसळीचं निघालं म्हणून पेटलंच नाही, बहिणीचं लग्न चांगल्या घरात ठरलं, आणि नायक कंपनीत पर्मनंट झाला. प्रॉव्हिडंट फंडासकट. मला वाटलं, असेल बुवा. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी उरलेला भाग बघून आलो, तर बाप खलास, बहीण खलास, आणि नायकही छातीत तीन गोळ्या घेऊन आडवा! बाहेर आलो तेव्हा मला धड सायकलचं कुलूप उघडेना.

काकांची मतं तर ऐकवत नसत. मध्यंतरानंतर सगळे दिग्दर्शक घाई करतात, त्यांना हिशेबाने माणसं जगवता येत नाहीत, असं ते छातीठोक सांगायचे. उरलेली दोन गाणी ते स्वतःच रचत, भजनाच्या चालीवर. पुढे पानाच्या टपरीवर त्याच पिक्चरची खरी गाणी लागली, की संगीतकाराने चालीची पार वाट लावली म्हणून हळहळत. एकदा कॉलेज रोडवर सोन्याच्या दुकानाच्या उद्घाटनाला त्या गोदामवाल्या पिक्चरचा नायक आला. काका गर्दीतून वाट काढत थेट त्याच्यापुढे गेले आणि म्हणाले, बहिणीच्या लग्नात तुम्ही पाहुण्यांना स्वतः वाढलंत, ते फार आवडलं. तो बिचारा दोन्ही हात जोडून नुसता उभा राहिला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पण काकांच्या तोंडचं पाणी पळालं ते घरात केबल आली तेव्हा. रविवारी नेमका तोच पिक्चर लागणार होता. सकाळी काका गच्चीवर जाऊन केबलची वायर सैल करून आले. केबलवाल्याने ती दुपारच्या आत घट्ट केली. मावशी उशीला टेकून बघायला बसली आणि काका भिंतीकडे तोंड करून पेपर वाचायला लागले. गोदाम पेटलं. बाप गेला. बहीण गेली. मला मावशीकडे बघवेना. एवढी वर्षं हे आपल्याला खोटं सांगत आले असं तिला वाटलं, तर? शेवटी नायकही पडला.

मावशीने टीव्ही बंद करायला सांगितलं. मग म्हणाली, "अहो, मला ठाऊक होतं. वहिनी सहाच्या खेळाला जायच्या, सगळं सांगायच्या."

काकांनी पेपरची घडी घातली.

"त्यांचा ऐकला की जेवण जायचं नाही. तुमचा ऐकला की दोन घास जास्त जायचे."

त्यानंतरही काका मध्यंतरालाच उठत राहिले.

मावशी गेली त्याच्या पुढच्या वर्षी मीच त्यांना ओढून तीनच्या खेळाला नेलं. तोवर मला नोकरी लागली होती, नळालाही दिवसभर पाणी असायचं. पडद्यावर नायकाची म्हातारी आई जिन्यावरून कोसळली आणि दिवे लागले. काका सवयीने उठले, दारापर्यंत गेले आणि तिथेच थबकले. कुणासाठी जायचं, तेच त्यांना कळेना. मी त्यांच्या खिशातली किल्ली काढून घेतली आणि म्हटलं, "चला काका, झाला पिक्चर."

घरी येऊन मी चहा टाकला. काका त्या रिकाम्या पलंगावर बसले आणि म्हणाले, "सांग. पुढे काय झालं?"

मी सांगत गेलो. नायक पर्मनंट झाला, घर झालं, दोन गाणीही झाली. शेवटी काकांनी हळूच विचारलं, "आणि म्हातारी?"

"ती बरी होते की. शेवटी चालत येते."

"चालत?"

"चालत."

काकांनी चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "हां. असाच पाहिजे शेवट."