डब्यांपाशी कोण बसणार

कोंडाबाई भगदाड बघायला निघाली, ही बातमी नरोलीच्या खोल्याखोल्यांतून पसरली, तेव्हा लोकांना आधी वाटलं, बाईच्या घराचीच भिंत पडली की काय! तसं काही नव्हतं. खानवेलच्या पलीकडे डोंगरातल्या एका माळावर जमीन आपोआप आत गेली होती. कुणी खणली नाही, सुरुंग लावला नाही. एका पावसाळ्यात माळाच्या मधोमध गोल भगदाड पडलं आणि त्यात एक अख्खं झाड उभंच्या उभं खाली उतरलं. उतरलं ते उतरलं, शिवाय खाली जगलंसुद्धा! आता तिथं कठडा झाला होता आणि लोक मोबाईल घेऊन धावत होते. तिच्या खाणावळीत जेवणाऱ्या पोरांनी त्याचा व्हिडिओ दाखवला, तशी कोंडाबाई लाटणं टाकून उठली. "माय वं! मला हे पाहायचंच आहे," ती म्हणाली. "मी येणार म्हणजे येणार."

ही कोंडाबाई मूळची चाळीसगावकडची. नवरा सुताच्या कंपनीत लागला म्हणून इकडे आली. तो गेला, पण ही गावी परतली नाही, चूल पेटवून बसली. कंपन्यांत राबणाऱ्या खानदेशी पोरांना शेवभाजी आणि ठेचा मिळेल असं ते एकच ठिकाण. कुणी ताटात टाकलं तर अशी झापायची की पुढच्या वेळी तो ताट चाटूनच उठे. "जेवायला चला रेऽऽ!" ही तिची हाक थेट शेजारच्या अथाल गावापर्यंत जाते, असं पोरं म्हणत.

पण ह्या बाईनं आयुष्यात काही म्हणजे काही पाहिलं नव्हतं. फिरायला गेली नाही असं नाही हो. वणीच्या गडावर गेली, तर वर देवी आणि खाली ही, चपला राखत. दमणला समुद्रावर गेली, तर पोरं लाटांत आणि ही कपड्यांच्या ढिगापाशी, रस्त्याकडे तोंड करून, कारण चोर यायचा तर तिकडून येणार. समुद्र कसा होता विचारलं, तर म्हणे, "आवाज मोठा होता." तिला कुणी बसवायचं नाही, तिचीच जीभ घात करायची. गाडी थांबली रे थांबली की तोंडातून आपोआप निघायचं, "जा तुम्ही, मी बसते." आणि मग बसून मनातल्या मनात जळायची. ह्या खेपेला तिनं ठरवलं होतं, जीभ चावली गेली तरी बेहत्तर, पण हे बोलायचं नाही.

रविवारी गुजराती ड्रायव्हर कल्पेशचा टेम्पो दारात लागला. कोंडाबाई ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसून तयार. भरताचा डबा, फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकऱ्या, शेवभाजीचं पातेलं, सगळं आत चढलं. "मासी, तुम्ही पुढे बसा," कल्पेशनं दार उघडून दिलं. वाटभर बाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. वळण आलं की, "आलं का रे?" घाट लागला की, "आता तरी आलं का?" मागून पोरं हसून बेजार.

आलं एकदाचं. टेम्पो थांबायच्या आत पोरांनी उड्या टाकल्या. खाणावळीत सगळ्यांत जुना जेवणारा नवनाथ, तो तेवढा पळता पळता वळला. "मावशी, डबे?"

"जा तुम्ही, मी बसते!"

झालं! निघालं तोंडातून! कोंडाबाईनं कपाळावर हात मारून घेतला, पण नवनाथ केव्हाच माळावर पोचला होता. आणि तिकडून एकेक आरोळी यायला लागली. "आयला!" "अरे बापरे, खाली बघ, खाली!" बाई टाचा उंच करून तिकडे बघायला लागली. एवढ्यात समोरच्या आंब्यावरून माकडांची टोळी उतरली आणि टेम्पोच्या फळीवर येऊन बसली. कोंडाबाईनं काठी उचलली. म्होरक्या माकडानं पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिकडे पुन्हा आरोळी उठली.

"खा मेल्यांनो!" कोंडाबाई म्हणाली, काठी फेकली आणि लुगडं खोचून पळत सुटली.

कठड्याशी पोचून तिनं वाकून पाहिलं. केवढं ते! गोल, खोल, कडांना ओली हिरवी शेवाळ, तळाला काळंभोर पाणी. मधोमध ते झाड, आणि त्याचा शेंडा तिच्या पायांच्याही खाली! झाडातून राघूंचा थवा उठला आणि गरगर फिरू लागला. पाखरांच्या पाठी दिसत होत्या, ऊन पडून चमकणाऱ्या. जन्मभर तिनं पाखरांची पोटंच पाहिली होती.

"मावशी, हाक मारा! आवाज परत येतो!" पोरांनी गलका केला.

काय हाक मारावी ते तिला सुचेना. सुचली ती रोजचीच. छाती भरून ती ओरडली, "जेवायला चला रेऽऽ!"

मग पाताळातून, अगदी तिच्याच सुरात, हाक आली. "जेवायला चला रेऽऽ!"

पोरं खो खो हसली. कोंडाबाई हसली नाही. कठडा घट्ट धरून ती ऐकत राहिली. तिला जेवायला म्हणून हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं, नवरा गेल्यापासून तर नाहीच. डोळे पुसून तिनं पुन्हा हाक मारली, मग आणखी एकदा, आणि दर वेळी तिला बोलावणं आलं.

टेम्पोपाशी परतले तेव्हा माकडं पातेलं चाटत होती. पोरांची तोंडं पडली. "मावशी, तुम्ही होतात ना इथं?" नवनाथ म्हणाला.

"नव्हते!" कोंडाबाई एवढ्या आनंदानं म्हणाली की पोरांनी निमूट भांडी गोळा करायला घेतली.

खानवेलच्या हॉटेलात सगळे भुकेनं कासावीस होऊन शिरले. कोंडाबाई सवयीनं टेम्पोतल्या रिकाम्या भांड्यांपाशी घुटमळली. कल्पेश हसत म्हणाला, "मासी, आता कोण चोरणार ते?" तेवढ्यात आतून नवनाथनं, भगदाडाच्या थाटात, हात तोंडाशी धरून हाक दिली, "मावशी, जेवायला चला होऽऽ!"

"आले रे आले!" म्हणत कोंडाबाई धावलीच, आणि पहिलं ताट तिनं घेतलं.