धार कशानं लावायची

"नव्या मॅडमला मराठी कळत न्हाई. बोल तू बिनधास्त."

कुकहाउसच्या पत्र्याच्या दाराआडून हे वाक्य ऐकलं, तेव्हा मी डोंगरातल्या त्या लष्करी ठाण्यावर नवीन होते. बोलणारा लान्स नाईक बजरंग, आमचा कुक, शिरवळजवळचा. समोर बसलेला नाईक संपत, माझ्या गाडीचा ड्रायव्हर, तासगाव तालुक्यातला. मी सातारची. पण शाळा इंग्रजी माध्यमाची, आडनाव कुठल्याही राज्यात खपेल असं, आणि गरजेपुरतं बोलायची सवय. त्यामुळे त्यांचा समज मी तसाच राहू दिला होता.

"ह्या सुरीनं टमाटो कापत न्हाई गड्या, दबतोय नुसता," बजरंग म्हणाला.

"मग धार लाव की."

"कशानं लावू? तुझ्या दाढीवर घासू?"

मी आत गेले. "दाखवा ती सुरी," असं मराठीत म्हणाले. बजरंगच्या हातातला कांदा सुटून घरंगळत गेला. संपत तोंडावर हात ठेवून हसला. "आता बस बोंबलत, शिरवळकर," एवढंच तो म्हणाला.

सुरी खरोखर बोथट होती. बाकीच्याही तशाच होत्या.

आमची कंपनी रसद पोचवणारी. उजाडता उजाडता गाड्या भरायच्या, बटाटे, कांदे, अंडी, रॉकेल पुढच्या चौक्यांवर पोचवायचं आणि अंधार पडायच्या आत परतायचं. प्रत्येक गाडीच्या दारात जाड पाठीची, मुठीपर्यंत सलग पात्याची एक सुरी असे. शिकारीला वापरतात तसली. ताडपत्रीचा दोर कापायला, आणि अपघात झाला तर सीटचा पट्टा कापायला. ती ठेवणं सक्तीचं होतं. तिला धार कशानं लावायची, याबद्दल मात्र कुठेही काही लिहिलेलं नव्हतं.

दसरा जवळ आला. शस्त्रपूजेला ब्रिगेडियर साहेब येणार होते. कंपनीतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी, मेजर साहेब, यांनी मला बोलावलं. "कॅप्टन, सगळी पाती चमकली पाहिजेत. किचनचं तुम्हाला जास्त कळणार. एक शार्पनर निवडा."

किचनचा उल्लेख मी ऐकून घेतला आणि काम सुरू केलं. खालच्या गावातून दोन-तीन प्रकार मागवले. संपतकडे गावाहून आणलेला एक दगड होता, एका बाजूला खरबरीत, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत. तोही घेतला. रविवारची पूर्ण दुपार आम्ही तिघं कुकहाउसमागे पाती घासत बसलो.

घरासाठी असं काही घेणाऱ्यांच्या उपयोगाचं म्हणून सांगते. स्वयंपाकाची सुरी पातळ असते. तिला दगडावर जवळजवळ आडवी धरावी लागते. शिकारी सुरी जाड, तिला जास्त उभी धरायची, नाहीतर तिची कड नाजूक होऊन हाडावर किंवा दोरावर मोडते. खाचेतून ओढायचा शार्पनर सगळ्या सुऱ्यांना एकाच कोनात खरवडतो. काम झटपट होतं, पातं चकाकतं, कागद सरसर कापला जातो. पण कडेवर धातूची बारीक किनार उभी राहते. चिवट वस्तू कापायला घेतली की ती दुमडते आणि सुरी पहिल्यापेक्षा वाईट होते. विजेवर फिरणारं यंत्र पातं तापवतं, घाई झाली तर पोलाद मऊ पडतं. दगडाला वेळ लागतो आणि हात बसावा लागतो. मात्र दोन्ही जातींच्या सुऱ्यांना तोच एक चालतो.

हे सगळं मी मेजर साहेबांना सांगितलं. खाचेतून काढलेल्या सुरीनं ताडपत्रीचा दोर कापून दाखवला. पहिला दोर तुटला, दुसऱ्यावर पातं घसरलं.

"दगड घासत बसायला आपण न्हाव्याचं दुकान काढलंय का?" ते म्हणाले. "शुक्रवारपर्यंत सगळी पाती खाचेतून काढा."

"सर, गाड्यांच्या सुऱ्या तरी वगळूया."

"नोटेड. कॅरी ऑन."

सगळ्या सुऱ्या खाचेतून काढल्या गेल्या. हुकूम होता.

संपत आपली सुरी अंगठ्यावर हलकेच फिरवून बघत होता. "मॅडम, ही दिसती लय भारी. पण हिच्यावर भरवसा न्हाई. मी गुपचूप दगडावर घेतो."

"घ्या," मी म्हणाले.

पण त्या आठवड्यात फेऱ्या वाढल्या. तो रात्री परतायचा आणि जेवून आडवा व्हायचा. बघता बघता खंडेनवमी आली. आमच्याकडे सातारा-सांगलीला या दिवशी हत्यारं, अवजारं धुऊनपुसून पाटावर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडू ठेवतात. मांडलेल्या वस्तूला त्या दिवशी हात लावत नाहीत. विळा असो, पाना असो, त्याला सुट्टी असते. कंपनीतही तसंच मांडलं. रायफली, पाने, जॅक, कुकहाउसच्या सुऱ्या, गाड्यांच्या सुऱ्या. ब्रिगेडियर साहेबांनी पात्यांच्या चकाकीचं कौतुक केलं. मेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

दुपारी वायरलेसवर निरोप आला. वरच्या चौकीचा रस्ता बर्फानं बंद होण्याची चिन्हं होती. दोन गाड्या ताबडतोब सोडायच्या. संपतनं नमस्कार करून पाटावरची आपली सुरी उचलली. पात्यावर कुंकू होतं.

"आता तरी दगड लावून घ्या," मी म्हणाले.

"मांडलेल्या हत्याराला आज दगड लावत न्हाईत, मॅडम. उद्या शिलंगण झालं की पयलं काम तेच."

आमच्याही घरी हेच पाळतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही निघालो. मागच्या गाडीत बजरंग होता, त्याला वरच्या चौकीवर बदली कुक म्हणून सोडायचं होतं. चढ लागेपर्यंत संपत घरचं सांगत होता. आई त्याचा विळा अजून पूजेत मांडते, म्हणाला. "फौजेत गेला म्हून काय झालं, शेतकरीच हाय तू, असं म्हणती."

परतीच्या वाटेवर नव्हे, जातानाच झालं. वळणावर रस्त्याची कड खचली. गाडी उजव्या अंगावर पडून नाल्यात घसरली. ड्रायव्हरची बाजू खाली, पाण्यात. मी वर, पट्ट्याला लटकलेली. दोन्ही पट्ट्यांचे खटके दाबले तरी सुटेनात. स्टिअरिंग संपतच्या पोटावर आलं होतं. पाणी गारठलेलं होतं आणि चढत होतं.

मागच्या गाडीतला ऑपरेटर वायरलेस सेटवर ठाण्याशी बोलत होता. ते वरून स्पष्ट ऐकू येत होतं.

"चार्ली वन, धिस इज चार्ली थ्री. व्हेइकल इन नाला. आय से अगेन, व्हेइकल इन नाला. रिक्वेस्ट रिकव्हरी. ओव्हर."

"चार्ली थ्री, वेट. आउट."

संपतनं दारातली सुरी ओढून काढली आणि हात वर करून माझा पट्टा कापायला घेतला.

"आधी तुमचा," मी म्हणाले.

"तुमी वर हाय. तुमी सुटल्याबिगर माझा दिसायचा न्हाई. पाय खिडकीत द्या."

पट्टा तुटला. त्यानं सुरी माझ्या हातात दिली. मी खिडकीच्या चौकटीत पाय रोवून पाण्यात हात घातला, त्याचा पट्टा चाचपडून पकडला आणि कापू लागले. पातं घसरत राहिलं. मी जोर लावला. पट्ट्यावर नुसता ओरखडा उठला. कड दुमडली होती, ते मला बोटांना कळत होतं.

"मॅडम, बाहेर," संपत म्हणाला. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं होतं. मी घासत राहिले. बजरंगनं मला मागून धरून बाहेर काढलं, तोपर्यंत मी घासतच होते. मग तो स्वतः आत शिरला. त्याच्याकडची सुरीही त्याच खाचेतून काढलेली होती.

रिकव्हरीची, म्हणजे अडकलेली वाहनं ओढून काढणारी गाडी अंधार पडल्यावर आली.

चौकशी बसली. मी शार्पनरचं सांगितलं, दोराचा प्रयोग सांगितला, कुणाचा पट्टा आधी कापला गेला तेही सांगितलं. एका सदस्यानं मला साहित्याच्या स्थितीपुरतं बोलायला सांगितलं. मेजर साहेबांनी साक्ष दिली की पूजेआधी सगळ्या पात्यांना धार लावली होती आणि ती चमकत असल्याचं सर्वांनी पाहिलं होतं. यातला शब्दन् शब्द खरा होता. निष्कर्ष निघाला: गाडीतली सुरी बोथट होती आणि गाडीतल्या साहित्याची देखभाल ही ड्रायव्हरची जबाबदारी. मेजर साहेबांना पुढे बढती मिळाली. नोकरीची मुदत संपल्यावर मी सातारला परत आले.

यंदा बजरंगचा फोन आला. तोही निवृत्त होऊन आता शिरवळला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये आहे. संपतच्या गावात ग्रामपंचायतीसमोर गावातल्या हुतात्मा जवानांच्या नावांचा दगड उभा राहणार होता, आणि संपतचं नाव घ्यायचं की नाही यावर अडलं होतं. "मॅडम, तुमी या. मी सांगून बघितलं. कुक काय बोलतोय म्हणत्यात."

आम्ही दोघं गेलो. देवळाच्या मंडपात बैठक होती. मध्ये एक निवृत्त सुभेदार बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत होते. संपतची आई खांबाला टेकून खाली बसली होती.

"नाव कोरायचं तर कशापायी गेला ते बघाय पायजे," आबा म्हणाले. "चौकशीत आलंय, सुरीला धार न्हवती. ड्रायव्हरची सुरी बोथट म्हंजी पैलवान लंगोट इसरून आखाड्यात."

दोन-चार जण हसले. आईनं मान वर केली नाही.

"आवं आबा, ह्या त्याच गाडीत हुत्या," बजरंग म्हणाला.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा आवाज बसतो. चौकशीत मी इंग्रजीत बोलले होते आणि सगळं खालच्या आवाजात. मी उभी राहिले. आबांकडे नाही, आईकडे पाहिलं.

"त्या सुरीला संपतनं बोथट केलं नाही," मी म्हणाले. "आम्ही अधिकाऱ्यांनी ती चकचकीत करायला लावून बोथट केली. त्याला ते कळलं होतं, त्यानं मला सांगितलंही होतं. तिच्यात फक्त एक पट्टा कापण्याइतकी धार होती, आई. तुमच्या मुलानं माझा कापला."