कशावरूनबाई

आमच्या कॉलेजातल्या तर्कशास्त्राच्या बाईंना खरं नाव होतं, पण रत्नागिरीत ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना कशावरूनबाई म्हणायचे. "आज पाऊस पडणार," असं कुणी म्हटलं की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कशावरून?" मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. एखादी कविता सुंदर आहे असं म्हणायचीही मला त्यांच्यादेखत चोरी होती.

मिरकरवाड्याला मासळी घ्यायला आम्ही बरोबर जायचो. तिथली मासेवाली हमीदाबी कल्ले उचलून दाखवायची. "बघा, लालभडक! एकदम ताजा."

"ताज्या माशाचे कल्ले लाल असतात, कबूल," बाई म्हणायच्या. "म्हणून लाल कल्ल्यांचा प्रत्येक मासा ताजाच, असं होत नाही. रंगही लावता येतो."

"या अल्ला! मी रंग लावतंय काय?" असा खटका उडायचाच. मग बाई माशाचे डोळे बघायच्या, बोटाने दाबून बघायच्या आणि घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी तोच बांगडा वर्गात फळ्यावर उदाहरण म्हणून यायचा. यांच्या हाताखालून गेलेलं पोर थापांना भुलत नाही, असं मी कौतुकाने सांगायचो. त्यावरही बाई "कशावरून?" विचारायच्या.

पुढे पोरं तर्कशास्त्र घेईनाशी झाली. संस्थेने निर्वाणीचं सांगितलं, यंदा वर्ग भरला नाही तर विषय बंद. बाईंचा सगळा जीव त्या विषयात. दहावीचा निकाल लागला तशा त्या पालकांना भेटत हिंडू लागल्या आणि मी सोबतीला. लांज्याला काजूच्या कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांच्या मुलीला विषय घ्यायचा होता. त्यांनी विचारलं, "बाई, ह्यां शिकून पोरीला नोकरी लागल ना?"

मी मनात म्हटलं, बाई, हो म्हणा. नुसतं हो म्हणा.

"लागेलच असं सांगायला माझ्याकडे आधार नाही," बाई म्हणाल्या. "पण उद्या कुणी तिच्या गळी काही उतरवू लागलं, तर ती आधी थांबून विचार करील."

"मग ऱ्हावदे," गृहस्थ म्हणाले. मुलीने मान खाली घातली.

परतीच्या एसटीत मी चिडलो. "एक शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"खोटं सांगून मुलं जमवायची, आणि मग त्यांना खरं-खोटं ओळखायला शिकवायचं?" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.  माझी हळहळ मात्र आजही जात नाही.

वर्ग भरला नाही. विषय बंद झाला. बाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, चिपळूणला भावाकडे गेल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या.

परवा मिरकरवाड्याला हमीदाबीने कल्ले उचलून दाखवले. मी माशाचे डोळे न बघताच पिशवी पुढे केली. ती थबकली. "तुमच्या त्या बाई कुठं असतात?"

मी सांगितलं. तिने मासा परत टोपलीत ठेवला आणि पदराने डोळे टिपले.

"लय तरास द्यायची," ती म्हणाली. "आता कोण कायच इचारत नाय. लाल दिसला का घेऊन जातात."